कावेरीअक्काचे अकरा एक

कावेरीअक्कानं शिवलेला ब्लाऊज एकदा अंगाला बसला की बाई जन्मात दुसरा शिंपी बघत नाही, हे चामराजपेटात कुणालाही विचारा. पण हीच कावेरीअक्का एका माणसावर एक्केचाळीस वर्षं डूख धरून बसली होती असं सांगितलंत, तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. अहो, ती? ती गिऱ्हाइकाला कधी उलट शब्द बोलत नाही! बरोबर आहे, नाहीच बोलत. तिचे सगळे उलटे शब्द तिनं एकाच माणसासाठी राखून ठेवले होते.

त्या माणसाचं नाव विश्वासराव. बेंगळुरातल्या मराठी शिंपी समाजातले पहिले एम.एस्सी., हायस्कुलात गणिताचे मास्तर, आणि समाजाच्या मंडळात त्यांच्या तोंडून पडेल तो शब्द शेवटचा. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. कापडाचे गठ्ठे घेऊन कधीकाळी सोलापूरकडून आलेल्या अकरा घरांनी हा समाज उभा केला, म्हणून सरांनी मंडळाला एक चिन्ह काढून दिलं होतं. ओळीनं अकरा एक. १११११११११११. ‘ही संख्या अखंड आहे,’ असं सरांनी भर सभेत सांगितलं, ‘हिला गणितात मूळ संख्या म्हणतात. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिसरा कुणी तिला भागू शकत नाही. तसेच आपण अकरा!’ टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मग काय, ते अकरा एक मंडळाच्या सभागृहाच्या कपाळावर दगडात कोरले गेले, पावतीपुस्तकावर आले, लग्नाला भाड्यानं द्यायच्या पातेल्यांवरसुद्धा ठोकले गेले. एकदा भागून तरी बघू, असं कुणाच्या मनात आलं नाही. शिंपी लोक, कापड कापायचं सोडून आकडे कशाला भागतील?

एकीनं भागायचं म्हटलं. चौऱ्याऐंशी साली कावेरी सोळा वर्षांची होती आणि दहावीला गणितात शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळवून मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला आली होती. ती मिळाली तरच पुढं कॉलेज, नाहीतर वडिलांच्या दुकानात मशीन, इतकं सरळ होतं ते. वडील दाराबाहेर चपलांपाशी उभे. आत सभागृहात पाच जणांची कमिटी, मध्ये सर.

“समाजाचं चिन्ह ठाऊक आहे ना? सांग बघू, कसली संख्या ती?”

‘मूळ संख्या, सर’ एवढं म्हटलं असतं तर झालं असतं काम! पण पोरीनं खरं सांगितलं. “माहीत नाही, सर. भागून बघायला पाहिजे.”

“भागून?” सर हसले. “अगं, अकरा ही मूळ संख्या. म्हणून अकरा एक हीसुद्धा मूळ संख्या. इतकं साधं आहे.”

“पण सर, तीन पण मूळ संख्याच की. तीन एक लिहिले तर एकशे अकरा, आणि सदतीस त्रिक एकशे अकरा. पाच पण मूळ. पाच एक लिहिले तर त्यांना एक्केचाळीसनं भाग जातो. मी काल रात्रीच करून बघितलंय.”

कमिटीतल्या एका म्हाताऱ्यानं मान वळवून सरांकडं बघितलं. तेवढंच. पण सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि ते कावेरीला दिसलं. तिला वाटलं, आता सर शाबास म्हणणार. भोळी होती हो.

“तीन-पाचाचं सोड,” सर म्हणाले. “अकराचं बोल. फोडून दाखव. आत्ता, इथं.”

“कागद पाहिजे सर. आणि वेळ.”

“किती वेळ?”

“ते नाही सांगता येत.”

“म्हणजे येत नाही!” सर कमिटीकडं वळले. “हिला काजं-बटणं करायला बसवा. आकड्यांना भोकं पाडायची फार हौस आहे.”

पाचही जण पोट धरून हसले. मघाचा म्हातारासुद्धा. शिष्यवृत्ती सरांच्या भाच्याला, रणजीतला मिळाली, आणि तो पठ्ठ्या दोन वर्षांत गणित सोडून मोटारीचे टायर विकायला लागला. कावेरीच्या वडिलांनी घरी येताना एकच शब्द उच्चारला, “आयितु.” कानडीत त्याचा अर्थ ‘झालं, संपलं.’ दुसऱ्या दिवशी ती मशीनवर बसली.

पण संपलं कुणाचं? तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. हा आकडा मी फोडणार, आणि ज्या लोकांसमोर हा माणूस हसला, त्याच लोकांसमोर याच्याच तोंडून वदवून घेणार, की कावेरी बरोबर होती आणि मी चुकलो. बस्स. यापलीकडं तिला देवाकडं काही मागायचं नव्हतं, आणि देवाकडं तिनं हेही मागितलं नाही. स्वतःच करायला घेतलं.

आता आकडा फोडायचा म्हणजे काय करायचं? दोनानं भाग जात नाही, शेवटी एक आहे. तिनाचं बघायला सगळे अंक मिळवायचे, बेरीज येते अकरा, म्हणून तीन गेलं. पाच नाही. सातानं भागा, तेरानं भागा, सतरानं भागा, असं एकेक मूळ संख्या घेत चढत जायचं. कुठवर? ज्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणलं की अकरा एकांच्या पलीकडं जातं, तिथवर. तो आकडा एक लाख पाच हजार चारशेच्या आसपास निघतो, आणि तिथवर मूळ संख्या दहा हजारांच्या वर आहेत. दहा हजार भागाकार! कावेरीनं हिशेब केला आणि रोज एक करायचा ठरवला. दुपारी दोनला दुकान पेंगायला लागलं की मशीनवरून उठायचं, पेन्सिल घ्यायची, एक भागाकार करायचा, बाकी उरली की वहीत मांडायची, आणि परत मशीनवर. ताप असो, सण असो, घरात पाहुणे असोत.

मूळ संख्यांचं पुस्तक कुठून आणणार? तिनं त्या स्वतःच काढल्या. शिंप्याच्या दुकानात बेतायला खाकी कागद असतो, त्या मोठ्या कागदावर दोनशे-दोनशे आकडे लिहायचे आणि दोनाचे, तिनाचे, पाचाचे, साताचे, अकराचे असे पाढे खडूनं मारत सुटायचं. जे शेवटपर्यंत वाचतील ते मूळ. एका कागदावर जेमतेम वीस-बावीस वाचायचे. असे पाचशेवर कागद झाले आणि माळ्यावर त्यांची थप्पी लागली.

एकोणनव्वद साली तिचं लग्न झालं परसूशी. परसू निपाणीकडचा, हाताचा फार स्वच्छ कारागीर, तोंडानं गरीब. लग्नानंतर आठव्या दिवशी त्यानं बायकोला दुपारी भागाकार करताना बघितलं आणि विचारलं, “हे काय करता?” तिनं सगळं सांगितलं. तो विचार करून म्हणाला, “सरी, ठीक आहे. दोन ते अडीच गिऱ्हाईक मी बघतो.” त्यानंतर त्यानं या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही, आणि तो अर्धा तास मात्र कधी मोडू दिला नाही. नवरा असावा तर असा.

दोन हजार बारा साली भागाकार संपले. अठ्ठावीस वर्षं. सगळ्या वह्यांतून एकही शून्य बाकी निघाली नाही.

त्या दुपारी कावेरी पेन्सिल हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिली. परसूनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. म्हणजे सर बरोबर होते? म्हणजे तो आकडा खरंच अखंड, आणि आपण अठ्ठावीस वर्षं एका खऱ्या माणसाला शिव्या घातल्या? कावेरी चिडकी असेल, मनात विष ठेवणारी असेल, पण खोटी नव्हती. त्या दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं ती मंडळात गेली, खांबाआड एकट्या बसलेल्या सरांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, “सर, तुमचंच बरोबर होतं. मी सगळं भागून बघितलं. नाही फुटत.”

सरांनी पाय मागं घेतले नाहीत. नुसतं म्हणाले, “असू दे. असू दे.”

त्यानंतरची अकरा वर्षं ती नुसती ब्लाऊज शिवत होती. दुपारी दोनला आडवी व्हायची. कोणी विचारलं बरं आहे ना, तर म्हणायची बरं आहे. परसूला ते बरं अजिबात आवडत नव्हतं.

मग वरच्या खोलीत शाल्मली राहायला आली. पुण्याची पोरगी, महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरची नोकरी, आठवड्यात तीन दिवस मेट्रोनं जायची आणि बाकीचे दिवस खोलीतच कानाला हेडफोन लावून बसायची. बोलणं अर्धं इंग्रजी, पण घरात मराठी ऐकू येतं म्हणून मुद्दाम हीच खोली घेतलेली. एकदा बॅग ठेवायला ती माळ्यावर चढली आणि तिथूनच ओरडली, “काकू, हे काय आहे? हे सगळे प्राइम नंबर्स आहेत! हाताने लिहिलेत?”

कावेरीनं नाइलाजानं सांगितलं. शाल्मलीनं खिशातून फोन काढला. “थांबा, एका सेकंदात बघून सांगते.”

“ए, खबरदार!” कावेरीचा आवाज एवढा चढला की खाली परसूच्या हातातली कात्री थांबली. “आकडा सांगितलास तर खोली खाली करावी लागेल. फुटतो की नाही, तेवढंच सांग.”

शाल्मलीनं फोन बघितला आणि वर बघितलं. “फुटतो, काकू.”

कावेरी उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “खाली काढ सगळं.”

चार दिवस दुकान परसूनं एकट्यानं सांभाळलं. कावेरी वह्या घेऊन जमिनीवर बसली आणि पहिल्या भागाकारापासून तपासत निघाली. चूक कुठं? तिसऱ्या दिवशी दुपारी तिला ती दिसली, आणि ती भागाकारातली चूक नव्हतीच. वहीत एकवीस हजार चारशे नव्व्याण्णवच्या खाली थेट एकवीस हजार सातशे एक होता. मधला कागदच नाही! थप्पी उलटी केली, सुलटी केली. नाही. साडेएकवीस हजारापासूनचे दोनशे आकडे गायब होते, आणि रोज थप्पीवरचा वरचा कागद उचलणाऱ्या बाईला ते कळलं नव्हतं.

दारात परसू उभा होता.

“लग्नाच्या दुसऱ्या वर्षी,” तो म्हणाला, “खाकी कागद संपला होता. जयनगरच्या डॉक्टरीणबाई बाहीचं माप द्यायला आल्या होत्या. मी माळ्यावरून एक ओढला.”

शिंप्याकडं जुन्या गिऱ्हाइकाचे बेत जपून ठेवतात, तुम्हाला ठाऊक असेल. नावानिशी खिळ्याला टांगलेले असतात. परसूनं मान खाली घालून खिळ्यावरचा जुडगा उतरवला, आणि त्यातून एक कागदी बाही काढली. कडा तेलकट झालेल्या, एका बाजूला डॉक्टरीणबाईंचं नाव, आणि मागच्या बाजूला आडव्या चाललेल्या कावेरीच्या अक्षरातल्या ओळी. तेहतीस वर्षं ती बाही तिच्या मशीनच्या बरोबर वर टांगलेली होती! ती डॉक्टरीणबाई दर दिवाळीला यायची, आणि कावेरी स्वतःच्या हातानं ती खिळ्यावरून काढून कापडावर ठेवायची. उलट्या बाजूनं.

“मेल्या!” कावेरी म्हणाली. नवऱ्याला ती आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणाली.

कापाकापीत वाचलेले आकडे होते सात-आठ. तिनं वरून सुरुवात केली. एकवीस हजार सहाशे सत्तेचाळीसनं भागून बाकी उरली नऊ हजार एकोणसत्तर. त्याच्या शेजारी त्याचा जोडीदार, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. पाच वेळा गेला. एकदा. तीनदा. दोनदा. तीनदा. आता शेवटचा एक खाली घेतला आणि वर आकडा उभा राहिला एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस. तिनं नऊ वेळा घेऊन गुणाकार खाली मांडला. एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस. वरही तेच, खालीही तेच.

बाकी शून्य.

ती रडली नाही, काही नाही. तिनं बाही दाबून धरली आणि दातांतून हसली. परसूशी मात्र आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ती एवढंच, “तुमची चूक होती. सरांचा नीचपणा होता. दोन्हींत फरक आहे.” परसूनं डोळे पुसले.

सगळं इथंच थांबलं असतं तर कदाचित ती सरांना एक पत्र टाकून मोकळी झाली असती. पण शाल्मलीला राहवलं नाही. “काकू, रागावू नका. पण एवढं करायची गरजच नव्हती. अकरा एकांना जी मूळ संख्या भागेल, तिला बावीसनं भागलं की बाकी एकच उरते. उरलीच पाहिजे, तसा नियम आहे. बाकीच्यांना हात लावायचाच नाही. एकवीस हजारांपर्यंत अशा जेमतेम अडीचशे निघतील.”

कावेरीनं लगेच करून बघितलं. बावीस गुणिले नऊशे चौऱ्याऐंशी, अधिक एक. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. बरोबर.

“अडीचशे,” ती म्हणाली. “रोज एक म्हणजे आठ महिने.”

“हो.”

“हे कुठं शिकवतात?”

“बी.एस्सी.ला. दुसऱ्या वर्षाला वगैरे.”

कॉलेजला गेली असती तर आठ महिने. काजं-बटणं करायला बसवली म्हणून अठ्ठावीस वर्षं. त्या माणसानं आपलं नेमकं काय घेतलं, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोजून कळलं, आणि आतलं सगळं परत पेटलं. पत्र नाही. चार लोकांत. त्याच सभागृहात.

आणि बघा, वेळ कशी चालून आली! यंदा सरांना एक्क्याऐंशी वर्षं झाली. मंडळानं सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरवला, आणि मंडळाचे अध्यक्ष मंजुनाथअण्णा स्वतः दुकानात आले. “अक्का, स्टेजच्या मागं मोठा पडदा पाहिजे. मरून मखमल. वर आपले अकरा एक, सोनेरी. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं?”

“देते की,” कावेरी म्हणाली. “मीच आणून लावते. सकाळी लवकर.”

असा पडदा तिनं उभ्या जन्मात शिवला नव्हता. एकेक आकडा हातभर उंच, सोनेरी कापडाचा, कडेनं दुहेरी टीप. अकरा एक झाले, आणि त्यांच्या खाली तिनं आणखी एक ओळ लावली, तेवढीच उंच, तेवढीच सोनेरी. टीप घालताना ती गुणगुणत होती, आणि परसूनं दुकानाचं दार आतून लावून घेतलं होतं. रविवारी सकाळी पडदा टांगला तेव्हा मंजुनाथअण्णा डोकं खाजवत उभे राहिले.

“हे खाली काय की? फोन नंबर?”

“सरांना कळतं ते. सरांसाठीच आहे.”

“हां, गणित! छान, छान,” म्हणत अण्णा हार बघायला पळाले.

अकराला सभागृह भरलं. सरांना मध्ये खुर्ची, डोक्याला म्हैसुरी पेटा, अंगावर शाल, हातात काठी. पाठ पडद्याकडं. भाषणं झाली. एक म्हणाले सर म्हणजे समाजाचा दिवा, दुसरे म्हणाले सर म्हणजे समाजाचा पाया, आणि तिसरे रणजीतराव, तेच टायरवाले, म्हणाले की मला गणिताची गोडी मामांनी लावली. कावेरी बायकांत तिसऱ्या रांगेत बसून सगळं ऐकत होती. मग अण्णांनी विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत? कावेरी उठली.

“मला नाही बोलायचं. सरांनी बोलावं. सर, जरा मागं वळून बघा.”

लोक कौतुकानं हसले. अण्णांनी खुर्ची वळवून दिली. सरांनी चष्मा सारखा केला आणि वर बघितलं.

१११११११११११ = २१६४९ × ५१३२३९

सभेला काय कळणार? कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण सरांची मान हलेना. मागच्या रांगेत शाल्मली फोनवर गुणाकार करून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “बरोबर येतंय. फुटतो तो आकडा. अखंड वगैरे काही नाहीये.” मग एकेकाच्या खिशातून फोन बाहेर निघाले, आणि टाळ्या थांबल्या.

“सर, बोला की,” कावेरी म्हणाली. “चौऱ्याऐंशी साली याच सभागृहात मला फोडून दाखव म्हणाला होतात. वेळ पाहिजे म्हटलं तर हसला होतात. घ्या, दाखवला.”

सरांनी उठून, सभेकडं वळून माइक हातात घेतला. त्यांचा आवाज जुनाच होता, वर्गात घुमायचा तसा, फक्त आता मध्ये मध्ये तुटत होता. “कावेरी बरोबर होती. मी चुकलो होतो.”

झालं! हेच तर पाहिजे होतं. हेच शब्द, हीच जागा. पण कावेरी खाली बसली नाही. त्या आवाजात काहीतरी चुकत होतं. इतका मोठा धक्का बसलेला माणूस आधी विचारतो, खरंच का? थांबा, तपासतो. सरांनी काहीच तपासलं नव्हतं.

“सर,” ती हळू म्हणाली, “तुम्हाला कधी कळलं?”

सर चष्मा काढून शालीला पुसायला लागले.

“कधी, सर?”

“पुढच्याच वर्षी,” सर म्हणाले. “एका पुस्तकात होतं. पण तोवर दगडात कोरलेलं होतं, कावेरी. सगळ्यांना सांगून झालं होतं. कोणत्या तोंडानं सांगणार होतो?”

“मग त्या दसऱ्याला? माझं डोकं तुमच्या पायांवर होतं तेव्हा?”

“ठाऊक होतं.”

“खांबाआड कुणी नव्हतं. कानात सांगितलं असतं तर दगडाला ऐकू गेलं नसतं. एक शब्द, सर. फुटतो. एवढाच.”

सरांनी माइक खाली ठेवला, काठी खुर्चीला टेकवली आणि हात जोडले. पेटा कपाळावर सरकला होता. “मला क्षमा कर, बाळ.”

सगळं सभागृह हळहळलं. बायका पदरानं डोळे टिपू लागल्या. मंजुनाथअण्णा लगबगीनं खाली उतरले आणि कावेरीच्या कानाशी लागले, “अक्का, जाऊ दे आता. वय बघा त्यांचं. वर येऊन पाया पडा, सगळं गोड होऊन जाईल.” पलीकडून कुणीतरी म्हणालं, एवढं वाकलं की माणूस, आणखी काय पाहिजे? शेजारची म्हातारी यल्लव्वा तिचा हात धरून म्हणाली, “सोड गं पोरी. हे डोक्यावर घेऊन मरतील ते.”

“मरू देत,” कावेरी म्हणाली. “घेऊनच मरू देत.” आणि मग स्टेजकडं बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, “नाही, सर. नाही करत क्षमा.”

सर हात जोडून उभेच राहिले. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचेना, आणि ज्यांना सुचलं त्यांना धीर होईना.

मंडळाच्या जेवणाचा एक नेम आहे. पहिली पंगत पाहुण्यांची आणि पदाधिकाऱ्यांची, मग पुरुषांची, आणि बायका सगळ्यांत शेवटी. कावेरी एकटी जिना उतरून तळघरात गेली. केळीची पानं मांडून झाली होती, माणूस एकही नव्हता. पहिल्या पंगतीतल्या पहिल्या पानाला रांगोळी काढलेली होती आणि पुढं चांदीचा पेला होता. ती तिथं मांडी घालून बसली.

वाढपी घुटमळला. “अक्का, ते सरांचं पान. सर अजून...”

“वाढ.”

त्यानं वाढलं. डाळीची कोसंबरी, भाजीचं पल्ल्या, गरम बिसीबेळे भात. जिन्यावरून शाल्मली धावत आली, तिच्या मागून परसू. शाल्मली शेजारी टेकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “काकू, ते वर अजून तसेच उभे आहेत. रडतायत.”

“रडू देत. मला अठ्ठावीस वर्षं लागली, त्यांना एक दुपार लागू दे.” कावेरीनं भात कालवला. मग वाढप्याला हाक मारून होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, मागितली, आणि वर तूप भरपूर घालायला सांगितलं.